साबणाला सामिन, औषधाला दारू: किर्गिझस्तानातले नऊ दिवस

माझी भाची बिश्केकला डॉक्टरकी शिकते. १७-१८ मे २०२४च्या रात्री तिथे जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या होस्टेलांवर हल्ले केले आणि आमच्या ताईची झोप उडाली. पोरगी सुखरूप होती, नंतर बरेच दिवस खोलीत बसून ऑनलाइन तास करत होती, पण ताईला चैन पडेना. शेवटी "तू आणि वहिनी प्रत्यक्ष जाऊन बघून या" असा हुकूम सुटला. सप्टेंबरमध्ये आम्ही नवरा-बायको निघालो. तेव्हा हे वर्णन तसं पाहिलं तर चौकशी समितीचा अहवाल आहे. अहवालाचा मूळ विषय (पोरगी नीट जेवते का) पहिल्या संध्याकाळीच निकालात निघाला, मग उरलेले दिवस मी दुसऱ्याच चौकशीत घालवले: इथे कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतं, आणि कसं ठरवतं?

दिवस १: बिश्केक

मुंबई, दिल्ली, बिश्केक. घड्याळ अर्धा तास पुढे करायचं, बस. व्हिसा ऑनलाइन मिळतो.

विमानतळावर भाची आली होती. टॅक्सीवाला पन्नाशीचा किर्गिझ गृहस्थ. भाची त्याच्याशी फाडफाड रशियन बोलत होती आणि आम्ही दोघं मागच्या सीटवर अभिमानाने फुगलो होतो. मध्येच त्याचा फोन वाजला. तो बोलायला लागला आणि भाषेचा पोतच बदलला, मऊ, गोल, ओठांतून येणारी. शेवटी "माकूल, माकूल, दावाय" म्हणून त्याने फोन ठेवला.

"हे किर्गिझ. माकूल म्हणजे बरं," भाची म्हणाली. "दावाय मात्र रशियन."

म्हणजे आपलं "बरं, बरं, ओके, चल, बाय". डोंबिवली लोकलमध्ये दिवसातून शंभरदा ऐकू येणारं वाक्य मला इथे पहिल्या तासातच सापडलं.

कागदोपत्री चित्र असं आहे. १९८९ साली, सोव्हिएत संघ अजून उभा असतानाच, किर्गिझला राज्यभाषेचा दर्जा मिळाला. २०००मध्ये रशियनला 'अधिकृत' भाषा केलं. राज्यभाषा एक आणि अधिकृत भाषा दुसरी, हा फरक काय हे मी भाचीला विचारलं. ती म्हणाली, "मामा, राष्ट्रगीत किर्गिझमध्ये आणि औषधाची चिठ्ठी रशियनमध्ये." तिच्या कॉलेजपुरतं तरी ते खरं असावं.

दिवस २: बिश्केक, पायी

येण्याआधी महिनाभर मी सिरिलिक अक्षरं गिरवली होती. ज्यांना जायचं आहे त्यांनी हे नक्की करा, आठवड्याभराचं काम आहे. किर्गिझ लिहायला रशियनची तेहतीस अक्षरं आणि वर तीन स्वतःची, अशी छत्तीस लागतात. त्या तिघांवरून पाटी कुठल्या भाषेतली ते लांबूनच कळतं: मधोमध आडवी रेघ असलेला 'ओ', इंग्रजी वायसारखा दिसणारा 'उ', आणि शेपटी फुटलेला 'न', जो आपल्या ङ सारखा वाजतो.

अक्षरं येत होती म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी एका दुकानावरची पाटी वाचली आणि रस्त्यातच थांबलो. 'दारीकाना.'

"अगं, इथे दारूखाना आहे."

बायकोने वर पाहिलं. हिरवा क्रॉस होता. औषधांचं दुकान! खाली रशियनमध्ये 'आप्त्येका' लिहिलेलं. किर्गिझमध्ये 'दारी' म्हणजे औषध. आपणही 'दवादारू' म्हणतोच की, फक्त त्यातली दारू औषध होती हे विसरून गेलोय. त्या क्षणापासून मी वाया गेलो. दुकान म्हणजे 'द्युकोन'. वाचनालय 'कितेपकाना'. 'दुश्मान', 'दोस', 'काबार' (खबर), 'शार' (शहर), 'माइदान', 'मेइमान' (मेहमान). वही म्हणजे 'देप्तेर', आपलं दप्तर. इतिहासाला 'तारिख'. फारसी-अरबीची ही शिदोरी एकीकडे इथे उतरली आणि एकीकडे दख्खनेत. दुकानदाराशी बोलताना मात्र एकही शब्द कामाला येत नव्हता, कारण मी तोंड उघडायच्या आत तो माझ्याशी रशियन सुरू करायचा.

अला-तो चौकात मनासचा घोड्यावरचा पुतळा आहे. त्या जागी आधी लेनिन होता. २००३मध्ये त्याला उचलून इतिहास संग्रहालयाच्या मागे नेऊन उभा केला, मधली काही वर्षं तिथे स्वातंत्र्याचा पुतळा होता, आणि २०११पासून मनास. मनास हा त्यांच्या महाकाव्याचा नायक. त्याची कथा गाणारे 'मनासची' लोक ती पाठ म्हणतात. सायाकबाय कारालाएव नावाच्या मनासचीकडून लिहून घेतलेल्या पाठात पाच लाखांहून जास्त ओळी आहेत. तो पाचशे सोमच्या नोटेवर आहे. आपल्याकडच्या कीर्तनकाराचं चित्र नोटेवर छापल्यासारखं. मला हे फार आवडलं.

लेनिन मागे गेला पण नाहीसा झाला नाही, तसंच रस्त्यांचं. भाचीने जेवायला बोलावलं होतं ती जागा "सोव्येत्स्कायावर" होती. नकाशात सोव्येत्स्काया नावाचा रस्ताच नाही! अर्धा तास भटकलो. शेवटी बाकावरच्या एका आजोबांना विचारलं, तर त्यांनी पायाखालच्या फुटपाथकडे बोट दाखवलं. आम्ही त्याच रस्त्यावर उभे होतो. पाटीवर नाव होतं युसुप अब्द्राखमानोव. सोव्हिएत किर्गिझियाच्या सुरुवातीच्या काळातला हा मोठा नेता, त्याला १९३८ साली त्याच राजवटीने गोळी घातली. रस्त्याला त्याचं नाव देऊन बरीच वर्षं झाली, तोंडात मात्र सोव्येत्स्काया. व्हीटी म्हणणाऱ्या माणसाने यावर फार बोलू नये.

टीप: पत्ता विचारताना नवं आणि जुनं दोन्ही नाव विचारून घ्या. फोनवर 'टू-जीआयएस' नावाचा नकाशा घ्या, बिश्केकमध्ये तो चांगला चालतो.

संध्याकाळी बसमध्ये उभा असताना मागून एका मुलीचा आवाज आला: "अस्तानोव्कादान तोक्तोतुप कोयुंगुझचू." भाचीने कोपराने ढोसलं. तिने मला आधीच सांगून ठेवलं होतं की हे वाक्य ऐकायला मिळणार. 'अस्तानोव्का' म्हणजे थांबा, हा रशियन शब्द. त्याला 'दान' हा किर्गिझ प्रत्यय. पुढचं क्रियापद सगळं किर्गिझ: थांबवून टाका. आणि शेवटचा 'चू' म्हणजे आपला 'ना'. "स्टॉपवर थांबवा ना." थांब्याला किर्गिझमध्ये 'आयालदामा' असा छान शब्द आहे, पाटीवर तोच लिहिलेला असतो. पण त्या मुलीला त्याची गरज पडली नाही, जशी आपल्याला 'स्टॉप'साठी पडत नाही.

दिवस ३: ओश बाझार आणि घरमालकीणबाई

ओश बाझार बिश्केकमध्येच आहे, ओश शहर वेगळं. सुकामेवा, मसाले, आणि गोल गोल नानांचे ढीग. इथे मी पहिल्यांदा हट्टाने किर्गिझ वापरली. "कांचा?" म्हणजे केवढ्याला. अक्रोड विकणाऱ्या बाईंनी डोळे मोठे केले, हसल्या, आणि उत्तर दिलं रशियन आकड्यात. नंतर लक्षात आलं की त्या शेजारणीशीही असंच बोलत होत्या: वाक्य किर्गिझ, आकडा रशियन. आपला भाजीवाला "ताई, ट्वेंटी रुपीज पाव" म्हणतो तसं.

हिशोबाची सोय मात्र मस्त आहे. एक सोम म्हणजे जवळजवळ एक रुपया. मनात गुणाकार-भागाकार काही नाही. फक्त त्यामुळे "अरे, डोंबिवलीपेक्षा स्वस्त की" असं सतत तोंडातून निघतं आणि पिशव्या भरतात.

शाकाहारींसाठी: ही पक्की शाकाहारी. रशियनमध्ये 'बेझ म्यासा', किर्गिझमध्ये 'एत्सिझ', दोन्हीचा अर्थ मांसाशिवाय. पण 'मांसाशिवाय' म्हणजे कधीकधी 'मांस काढून घेतलेला रस्सा' असाही होतो, हे तिला पहिल्याच वाटीत कळलं. त्यानंतर तिने नान, मलईसारखा 'कायमाक', टोमॅटो-काकडी, जॅम आणि चहा यांवर नऊ दिवस आनंदात काढले. थेपले होतेच.

भाचीच्या घरमालकीणबाई सरकारी कार्यालयात आहेत. वय पंचावन्नच्या आसपास. त्यांनी संध्याकाळी चहाला बोलावलं आणि चहा होता होता एक वही दाखवली. पानाच्या एका बाजूला रशियन शब्द, दुसऱ्या बाजूला किर्गिझ. पन्नाशीनंतरची बाई आपलीच भाषा वहीत उतरवून पाठ करत होती.

बिश्केकचं नाव तेव्हा फ्रुंझे. त्या सांगत होत्या की त्यांच्या लहानपणी एवढ्या शहरात किर्गिझ माध्यमाची शाळा एकच होती. वडील म्हणाले, पुढे जायचं तर रशियन. घरात आई-वडील एकमेकांशी किर्गिझ बोलत आणि मुलांकडे वळले की रशियन. त्यामुळे त्यांना किर्गिझ समजते सगळी, बोलताना मात्र अडखळतात. २०२३ साली राज्यभाषेचा नवा कायदा आला, सरकारी नोकरांना किर्गिझ येणं सक्तीचं झालं, टीव्ही-रेडिओवर साठ टक्के कार्यक्रम किर्गिझमध्ये हवेत असं ठरलं. आता त्यांना परीक्षा द्यायची आहे.

"वाईट वाटतं का?" मी भाचीमार्फत विचारलं.

त्या हसल्या. म्हणाल्या, गावाकडून शहरात आलेली मुलं आम्हाला 'किर्गिझ' म्हणून चिडवतात. मला विनोद कळेना. मग त्यांनी वहीत दोन शब्द लिहिले. किर्गिझ लोक स्वतःला म्हणतात तो शब्द जिभेच्या मागून, घशाजवळून येणाऱ्या 'इ'ने म्हणायचा. रशियन लोक तोच साध्या 'इ'ने लिहितात आणि म्हणतात. जो किर्गिझ असून स्वतःच्या जातीचं नाव रशियन माणसासारखं उच्चारतो, तो 'किर्गिझ'. एका स्वराचा टोमणा! मी दोन्ही म्हणून पाहिले. घरमालकीणबाई आणि भाची दोघींनी एकमताने मला दुसऱ्या गटात टाकलं.

त्याच रात्री भाचीने तिच्या वॉर्डातली गोष्ट सांगितली. कॉलेजात शिकवणं इंग्रजीत, पण पेशंट काही इंग्रजीत विव्हळत नाही. म्हणून या सगळ्या मुलांना रशियन शिकावीच लागते. "गद्ये बालीत?", कुठे दुखतं, हे वाक्य पहिल्या वर्षी तोंडपाठ. तिसऱ्या वर्षी खेड्यातून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना ती हे विचारत राहिली आणि बाई नुसत्या छताकडे बघत राहिल्या. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटने विचारलं, "कायसी जेरिंगिझ ओओरुइत?" शब्दशः, तुमची कुठली जागा दुखते? बाईंनी लगेच पोटावर उजवीकडे हात ठेवला. भाचीने ते वाक्य तळहातावर देवनागरीत लिहून घेतलं. आता ती कुठल्याही वयस्क पेशंटपाशी आधी हे विचारते. "मग ते मला किझिम म्हणतात," ती म्हणाली. किझिम म्हणजे माझी मुलगी. "रशियनमध्ये विचारलं की म्हणतात, देवुश्का." म्हणजे अहो मुली, मिस.

ताईला पाठवायच्या अहवालात मी ही गोष्ट सगळ्यात वर घातली.

दिवस ४: चुकीच्या स्टँडवरून काराकोलला

आता इथून भाची नाही. तिचे तास सुरू होते.

काराकोल पूर्वेला आहे, तेव्हा गाडी पूर्वेच्या स्टँडवरून सुटणार, असं माझं साधं गणित. 'चिगीश' म्हणजे पूर्व हे वाचता येत असल्याचा वरून माज. सकाळी आठला सामानासकट तिथे हजर. तिकीट खिडकीवरच्या बाई रशियनमध्ये काहीतरी म्हणाल्या, मग मोठ्याने तेच म्हणाल्या, मग कागदावर लिहून दिलं: 'झापादनी'. पश्चिमेचा! लांब पल्ल्याच्या गाड्या, पूर्वेला जाणाऱ्यासुद्धा, पश्चिमेच्या स्टँडवरून सुटतात. बायको पुढचा अर्धा तास काही बोलली नाही, कुठल्याच भाषेत.

व्हॅन भरली की सुटते, वेळापत्रक नाही. सहा-सात तासांचा प्रवास. बोओम नावाच्या घळीतून रस्ता वर चढतो, चू नदी सोबत असते, आणि मग एकदम पाणी उघडं होतं. इसिक-कुल. 'इसिक' गरम, 'कोल' तळं. समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरवर असून हिवाळ्यात गोठत नाही म्हणून हे नाव. लांबी सुमारे १८० किलोमीटर, त्यामुळे पलीकडची बर्फाची शिखरं ढगावर ठेवल्यासारखी दिसतात, त्यांच्याखालचा किनारा दिसतच नाही.

तळ्याच्या टोकाला बालिकची गाव. सोव्हिएत काळात त्याला रिबाचे म्हणत. 'रिबा' रशियन मासा, 'बालिक' किर्गिझ मासा. सरकार बदललं, भाषा बदलली, पण गावाने मासा काही सोडला नाही. रस्त्याच्या कडेला दोऱ्यावर धुरी दिलेले मासे लटकत होते आणि गाडीतल्या अर्ध्या लोकांनी उतरून ते घेतले. उरलेले तीन तास खिडक्या बंद. हिच्याबद्दल मला खरंच वाईट वाटलं.

दिवस ५: काराकोल

या सगळ्या प्रवासात मला सगळ्यात आवडलेलं गाव. निळ्या-पांढऱ्या नक्षीच्या खिडक्यांची जुनी रशियन लाकडी घरं, रस्त्याकडेला सफरचंदं पडलेली, हवा सकाळी स्वेटरची आणि दुपारी टोपीची. लाकडी रशियन चर्च आहे आणि एकही खिळा न वापरता बांधलेली दुंगान मशीद. मशीद कसली, लांबून चिनी देऊळच वाटतं: वळणदार छप्पर, लाल-हिरवे-पिवळे खांब.

दुंगान म्हणजे चीनमधून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस-तीस वर्षांत, तिथलं बंड फसल्यावर, पर्वत ओलांडून आलेले मुसलमान. त्यांची भाषा चिनी कुळातली, लिपी मात्र सिरिलिक. त्यांची खासियत 'आश्ल्यान-फू': गार रस्सा, त्यात नूडल्स, पारदर्शक जेलीच्या पट्ट्या, व्हिनेगर, आणि लाल मिरचीचा ठसका. सोबत गरम बटाट्याची तळलेली पोळी, बुडवून खायची. बाजारातल्या गल्लीत एका टपरीवर आम्ही बसलो. मिसळ खाणाऱ्या माणसाला ही जागा समजावून सांगावी लागत नाही. गार-गरम, आंबट-तिखट, शेजारी अनोळखी माणूस घाम पुसतोय.

पण मी वाडग्याइतकाच वाढणाऱ्या बाईंकडे बघत होतो. मागे नूडल्स कापणाऱ्या मुलीला त्या दुंगानमध्ये ओरडून सांगत, आमच्यासमोर वाडगा ठेवताना रशियन, लगेच टोपीवाल्या आजोबांकडे वळून किर्गिझ. कढईतून पोळी काढता काढता तीन भाषा. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे एक नजर, की गिअर पडला. आमच्याकडे पाहून तो गिअर प्रत्येक वेळी रशियनवर पडतो, कारण परका म्हणजे रशियन.

मी हे बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "आणि तू ठाण्यात रिक्षावाल्याशी हिंदी सुरू करतोस, तो साताऱ्याचा निघतो, ते?"

रस्सा फारच तिखट होता. मी पाणी मागवलं.

घरगुती मुक्काम होता. सत्तरीच्या आजी, सून, आठ वर्षांची नात. मुलगा मॉस्कोत बांधकामावर. या देशातल्या किती घरांचा कर्ता रशियात असतो हे कळलं की रशियन माध्यमाच्या शाळांत गर्दी का, हे वेगळं विचारावं लागत नाही. आजी नातीशी किर्गिझ बोलतात, नात उत्तर रशियनमध्ये देते. शाळा रशियन, मोबाइलवरची कार्टून्स रशियन. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नाही आणि दोघी एकमेकींची भाषा बोलत नाहीत. आमच्या मजल्यावरच्या जोशीकाकू आणि त्यांचा नातू अगदी असेच बोलतात, फक्त तिथे इंग्रजी.

रात्रीच्या जेवणाला आजींनी हिच्यासाठी बटाटे केले आणि पातेलं दाखवून म्हणाल्या, "कार्तोश्को." नात खुदकन हसली, "आपा, कार्तोश्का!" आजींनी पुन्हा ठासून, "कार्तोश्को." मला वाटलं आजींचं रशियन कच्चं. तसं नव्हतं. किर्गिझमध्ये एका शब्दातले स्वर एकमेकांना धरून चालतात, ओठ एकदा गोल झाले की शेवटपर्यंत गोल. त्यामुळे रशियन बटाटा किर्गिझ घरात आला की त्याचा शेवटचा 'आ' गोल होऊन जातो. बाटलीचं 'बुतिल्का' असंच 'बोतोल्को' होतं. अनेकवचनाच्या एका प्रत्ययाला या नियमाने बारा रूपं आहेत. आजींनी बटाटा नीट किर्गिझ करून घेतला होता. नातीला तो अजून परकाच हवा होता.

रात्री साबण संपला. आजी झोपल्या होत्या. कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो, फोन खोलीत राहिला. साबणाला रशियनमध्ये काय म्हणतात ते आठवेना (मीला, नंतर पाहिलं). हात चोळून दाखवले. दुकानातल्या म्हाताऱ्या बाईंनी हातमोजे पुढे केले. पुन्हा चोळले. क्रीम आलं. वैतागून तोंडातून निघालं, "अहो, साबण!"

"सामिन?"

"साबण."

"सामिन!" आणि खालून गुलाबी वडी आली. आम्ही दोघं ती वडी मध्ये धरून वेड्यासारखे हसत होतो. मग त्यांनी विचारलं, कुठून आलात. घोकून ठेवलेलं वाक्य होतं माझ्याकडे: "मेन इंदियादान केल्दिम." मी इंडियाहून आलो. शब्दांचा क्रम बघा, आपला जसाच्या तसा, 'हून'च्या जागी 'दान'. क्रियापद शेवटी. मराठी माणसाने रशियन व्याकरणाशी झटण्यापेक्षा किर्गिझ शिकावी, वाक्य तरी उलटं करावं लागत नाही. त्यानंतर बाई माझ्याशी एकही रशियन शब्द बोलल्या नाहीत. मला नव्वद टक्के कळलं नाही.

दिवस ६: दक्षिण किनारा, बोकोनबायेव्हो

वाटेत 'स्काझ्का' नावाची लाल-पिवळ्या मातीच्या कड्यांची दरी. स्काझ्का म्हणजे रशियनमध्ये परीकथा. तासभर पुरे, दुपारी सावली नाही, पाणी न्या.

मुक्काम युर्तमध्ये, म्हणजे भटक्यांच्या गोल तंबूत. आत नमद्याचे 'शिरदाक' अंथरलेले, मध्ये शेगडी. यजमान जोडपं तिशीतलं, दोघांना रशियन येत होती पण जपून, शाळेत शिकलेली. इथे मी किर्गिझ बोललो की कुणी डोळे मोठे केले नाहीत, फक्त वेग कमी केला. "सालामातसिझबी" म्हणायचं, सलामत आहात ना. वडीलधाऱ्याला 'सिझ', मित्राला 'सेन', म्हणजे तुम्ही आणि तू. अनोळखी माणसाला नावाने हाक मारायची नाही: मोठ्या बाईला 'एजे', मोठ्या पुरुषाला 'बाइके'. ताई आणि दादा.

चहा द्यायची पद्धत बघून ही खट्टू झाली होती. वाडगं अर्ध्याहून कमी भरत. नंतर उलगडा झाला: थोडा थोडा ओततात म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो, पाहुणा बसून राहतो. काठोकाठ भरलेलं वाडगं म्हणजे "निघा आता". आपल्याकडे नेमकं उलट समजतील.

सकाळी निघायच्या वेळी गाडी आली, आम्ही घाईत बूट घालत होतो. यजमानीण नान घेऊन दारात उभी. "नान ओओझ तियिंगिझ." नानला तोंड लावा. उपाशी असा वा पोट फुटेपर्यंत जेवलेले, घरातून निघताना नानाचा तुकडा मोडून तोंडात टाकायचाच. आम्ही टाकला. ओठावर साखर टेकवून निघणाऱ्या माणसाच्या हातावर दही ठेवणाऱ्या घरातली ही, तिचे डोळे भरून आले. ती तिच्याशी मराठीत बोलली आणि तिने किर्गिझमध्ये उत्तर दिलं. मी मध्ये पडलो नाही.

दिवस ७: परत बिश्केक

प्रवासात गेला. या वेळी व्हॅनमध्ये मासे नव्हते.

दिवस ८ आणि ९: ओश

बिश्केक-ओश रस्त्याने दहा-बारा तास, विमानाने तासाभराच्या आत. आम्ही विमान घेतलं.

ओशमध्ये माझं सगळं गणित पुन्हा बिघडलं. इथे रशियन मागे पडते आणि तिसरी भाषा पुढे येते, उझबेक. बाजारात दोन्ही इतक्या सरमिसळ की मला फरक कळायचा तो फक्त नानाच्या दुकानापाशी: किर्गिझ 'नान' म्हणतो, उझबेक 'नोन'. जून २०१०मध्ये याच शहरात दोन समाजांत भीषण दंगल झाली, शेकडो माणसं गेली. तो विषय आम्ही काढला नाही आणि कुणी आपणहून काढला नाही. जेवणाच्या टेबलावर मात्र उझबेक आचारी आणि किर्गिझ गिऱ्हाईक आपापल्या भाषेत बोलत होते आणि दोघांना सगळं कळत होतं. रशियन ते फक्त आमच्यासाठी काढत, पाहुण्यांची क्रोकरी काढावी तशी.

गावाच्या मध्यातून सुलेमान-तो हा खडक उभा राहतो. २००९पासून जागतिक वारसा यादीत आहे. वर एक छोटी दगडी खोली, बाबराचं घर. तरुणपणी त्याने इथे खोली बांधली होती. मूळची केव्हाच गेली, ही पुन्हा उभारलेली. हिंदुस्थानात गेलेला हा माणूस लिहीत होता चगताई तुर्कीत, म्हणजे इथल्या दोन्ही भाषांच्याच तुर्की घराण्यातल्या. खाली बायका गुळगुळीत झालेल्या दगडावरून घसरत होत्या, पाठदुखी बरी होते म्हणून. हिनेही घसरून घेतलं. अजून दुखते.

टीप: सुलेमान-तोला सकाळी लवकर चढा, पायऱ्या घोटीव आणि निसरड्या आहेत. बाजार सोमवारी पाहायचा बेत असेल तर आधी चौकशी करा, काही गल्ल्या बंद असतात.

शेवटच्या सकाळी नान घ्यायला गेलो. तंदूरमधून नुकते काढलेले, मधोमध फुलांचा ठसा, वर तीळ. दोन घेतले. बाईंनी किंमत रशियनमध्ये सांगितली, मी "रखमात, एजे" म्हणालो, त्या शेजारणीला उझबेकमध्ये काहीतरी म्हणाल्या आणि दोघी हसल्या. मग त्यांनी तिसरा नान पिशवीत टाकला आणि खुणेने दाखवलं: शिळा झाला की पाण्याचा हबका मार, आणि तव्यावर.

घरी परतल्यावर चौथ्या दिवशी ताई अहवाल घ्यायला डोंबिवलीला आली. फोटो बघून झाले, पोरीचं वजन, खोली, मैत्रिणी, सगळं विचारून झालं. ती चपला घालायला लागली तेव्हा ही आतून ओरडली, "थांबा, नान ओओझ तिया!" तव्यावर हबका मारून गरम केलेला तुकडा, वर तूप. ताई म्हणाली, "काय म्हणाली ही?"

"तोंड लाव म्हणाली. आणि पोरीला फोन कर, तिला विचार, किझिम म्हणजे काय."